घोळ खावी की उपटावी? तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज म्हणून घोळीवर चार ओळी लिहिल्या होत्या, खारवट कोरड्या मातीत कुणी न पेरता उगवते आणि खाताही येते एवढंच, तर त्यावर इतके मेसेज आले की गुलाबावरच्या मावा किडीचा नंबर आता पुढच्या महिन्यात. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि हो, भाजी ती घोळ आणि गोंधळ तो घोळ, मेसेजमध्ये दोन्ही भरपूर होते.

प्रश्न: ताई, आमच्या बोअरचं पाणी खारट आहे. घरामागच्या मातीवर पांढरा थर येतो, मिरची लावली ती करपली, मेथी तर उगवलीच नाही. पण कडेला जाड पानांचं, लालसर देठाचं काहीतरी जमिनीला चिकटून मस्त पसरलंय. हीच का घोळ? खाल्ली तर चालेल ना?

फोटोवरून घोळच वाटतेय, पण फोटो बघून "खा" असं मी कुणालाच सांगत नाही, तुम्ही हातात घेऊन बघा. घोळीचा देठ गोल, गुळगुळीत, रसाळ असतो, त्यावर लव नसते. पानं चमच्यासारखी, टोकाला रुंद आणि देठाकडे निमुळती, जाड, आणि फांदीच्या शेंड्याला त्यांचा झुबका होतो. फूल पिवळं, बारीक, बहुतेकदा पाच पाकळ्यांचं, त्याला वेगळा दांडा नाही, झुबक्याच्या मधोमध बसलेलं, आणि तेही ऊन असेल तर काही तासच उघडं, त्यामुळे तुम्हाला फुलं दिसली नसतील तर घाबरू नका, वेळ चुकली असेल.

आता मुख्य टेस्ट. देठ मोडा. आतून पाण्यासारखा चिकट रस आला तर ठीक, पांढरा चीक आला तर ते टाकून द्या आणि हात धुवा. ती दुधीच्या जातीतली तणं असतात (फळभाजीतला दुधी नाही हो, तण दुधी), त्यातल्या काही घोळीसारख्याच जमिनीला चिकटून पसरतात, देठही लालसर, आणि त्यांचा चीक त्वचेला आणि पोटाला त्रास देतो. गंमत म्हणजे दोघी एकाच भेगेतून शेजारी शेजारी येतात. म्हणून मूठभर एकदम उपटून टोपलीत टाकायचं नाही, एकेक देठ बघून खुडायचा. दुसरा गोंधळ विषखापऱ्याचा. त्याचीही पानं मांसल, पण ती जोडीने येतात आणि जोडीतलं एक मोठं एक लहान असतं, फूल पांढरं-गुलाबी. पिवळं फूल दिसलं की हा प्रश्न मिटला. आणि घोळीचीच एक छोटी बहीण आहे चिवळ, पानं अगदी बारीक आणि सांध्यासांध्यावर पांढरे केस, तीही खातात.

खायची की नाही हे मात्र नुसत्या ओळखीवर ठरत नाही, ती कुठे उगवलीये त्यावर ठरतं. घोळ जमिनीतलं जे मिळेल ते उचलते. तुमच्या मातीत मीठ आहे तर पानातही मीठ येणार, आणि ते आतल्या रसात असतं, धुऊन जात नाही. म्हणजे शिजवताना आधी चव बघा आणि मग मिठाच्या डब्याला हात लावा, घरात बीपीवाले कुणी असतील तर त्यांच्यासाठी ही भाजी रोजची करू नका. मिठापेक्षा मला भीती वाटते ती कॅडमियमसारख्या जड धातूंची, कारण तेही ही वनस्पती पानात साठवू शकते आणि त्याची चव लागत नाही. गटाराकाठची, रहदारीच्या रस्त्यालगतची, कारखान्यामागची, तणनाशक मारलेल्या बांधावरची घोळ कितीही लुसलुशीत असली तरी नको.

प्रश्न: सकाळी खुडलेली घोळ इतकी आंबट लागते की तोंड वाकडं होतं, आणि त्याच कुंडीतली संध्याकाळी खुडली तर जवळजवळ गोडसर. माझ्या सासूबाई म्हणतात हा तुझ्या जिभेचा दोष. खरं कोण?

या वेळी तुम्ही खऱ्या, पण सासूबाईंना हे उत्तर दाखवताना जरा जपून. यात खरंच केमिस्ट्री आहे आणि घोळ रखरखाटात कशी जगते याचं निम्मं उत्तर इथेच आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आत घ्यायला पानावरची सूक्ष्म छिद्रं उघडावी लागतात. छिद्र उघडलं की कार्बन आत येतो, पण पाणी वाफ होऊन बाहेर जातं, म्हणजे कडक उन्हात छिद्र उघडणं हा तोट्याचा व्यवहार. निवडुंगासारखी झाडं काय करतात, दिवसा दारं बंद आणि रात्री गारव्याला उघडतात, रात्री आलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या पिशव्यांत साठवतात आणि दिवस उजाडला की दारं न उघडता तोच वापरतात. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा ज्याच्यामुळे असतो तेच हे आम्ल. याला कॅम पद्धत म्हणतात. पाणी वाचतं पण वाढ कासवाची.

दुसरी पद्धत मका आणि उसाची, सी-फोर म्हणतात तिला. तिच्यात कार्बन आधी एका थरातल्या पेशी पकडतात आणि आतल्या थरातल्या पेशींकडे दाटीने पोचवतात, त्यामुळे भर उन्हात, गरमीत, धडाधड वाढ. पण अगदीच पाणी संपलं तर ही पद्धतही टेकीला येते.

घोळीकडे दोन्ही आहेत. पाणी असेल तेव्हा ती मक्यासारखी वागते आणि पाणी तुटलं की रात्रीचा साठाही सुरू करते, परत पाणी मिळालं की पुन्हा पहिल्यावर. आधी वाटायचं की पानात ही दोन कामं वेगवेगळ्या पेशींत चालत असतील, पण २०२२ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की दोन्ही एकाच पेशींत, एकमेकांत गुंतून चालतात, रात्री साठवलेलं आम्ल दिवसा थेट सी-फोरच्या चक्रात घातलं जातं. असं करणाऱ्या वनस्पती फार म्हणजे फारच थोड्या आहेत. आणि आपण तिला तण म्हणून उपटतो!

तर तुमची सकाळची घोळ म्हणजे रात्रभर भरलेली आम्लाची टाकी आणि संध्याकाळची म्हणजे रिकामी झालेली. पण एक अट आहे. हे जोरात होतं ते झाडाला पाण्याचा ताण असेल तेव्हा. कुंडीला रोज भरपूर पाणी घालत असाल तर रात्रीचा साठा नावापुरता आणि फरकही कमी. सासूबाईंच्या कुंडीला पाणी कोण घालतं, ते बघा.

प्रश्न: कोरडेपणाचं समजलं, पण खारट मातीत ती कशी टिकते? मीठ टाकलं की तण मरतं ना?

मिठाचा मार दुहेरी असतो. एक म्हणजे खारट मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही, मीठ ते पाणी धरून ठेवतं, म्हणजे ओल्या मातीत उभं राहून झाड तहानलेलं. दुसरं म्हणजे आत शिरलेलं सोडियम पेशीतली कामंच बिघडवतं. पहिल्या माराला घोळीची कोरडेपणाची सगळी तयारी कामी येते, शिवाय पेशींत प्रोलीनसारखे पदार्थ वाढवून ती पाणी आत ओढून धरते. दुसऱ्यावर तिचा उपाय म्हणजे आलेलं सोडियम पेशीच्या मधल्या पिशवीत कोंडून ठेवायचं, कामाच्या जागी येऊ द्यायचं नाही. आणि पानात पाणीच एवढं (शंभर ग्रॅम घोळीत ९३ ग्रॅम पाणी) की मीठ पातळ होऊन जातं.

पण म्हणून ती समुद्रात उभी राहणारी वनस्पती नाही. खाडीकाठच्या चिखलात वाढणारी सॅलिकॉर्निया वेगळी, तिला मीठ मानवतंच. घोळीला मीठ मानवत नाही, ती ते सोसते. खारटपणा वाढत गेला की पानं लहान होतात, रोप खुरटतं, आणि खूपच झाला तर बी रुजतही नाही. मिरची करपते तिथे ती तग धरते, एवढाच तिचा दावा.

प्रश्न: मग घोळ लावून जमिनीतलं मीठ काढता येईल का? एका व्हिडिओत दाखवलं की दोन सीझन घोळ घ्या, जमीन गोड होते.

व्हिडिओवाल्यांना जमीन गोड करायची घाई असते. घोळ मीठ उचलते हे खरंय, त्यावर प्रयोगही झालेत, पण हिशोब करून बघू, कागद-पेन घ्या.

समजा १०० चौरस मीटरचा तुकडा आहे. त्यातून १०० किलो ओली घोळ निघाली, म्हणजे चांगलंच पीक. त्यातलं ९३ किलो पाणी. राहिले सात किलो, त्यात तंतू, प्रथिनं, आम्लं, सगळी खनिजं आली. आपण उदार होऊ आणि म्हणू की हे सातही किलो मीठच आहे, जे अर्थातच नाही. आता दुसरी बाजू. त्या तुकड्याला रोज ५ मिलिमीटर पाणी दिलं तर ५०० लिटर होतात, वीस दिवसांत १०,००० लिटर. बोअरच्या पाण्याचा ईसी (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार किती ते सांगणारा तपासणीतला आकडा) २ असेल तर एका लिटरमध्ये साधारण सव्वा ग्रॅम क्षार येतात. म्हणजे वीस दिवसांत तुम्ही स्वतःच्या हाताने बारा-तेरा किलो क्षार मातीत घातले. घोळीने अख्ख्या पिकात अगदी जास्तीत जास्त धरून सात काढले. कुठे मेळ बसतो?

क्षारपड जमिनीतलं मीठ निघतं ते चांगल्या पाण्याने खाली धुऊन, आणि ते धुतलेलं पाणी वाहून जायला चर किंवा निचरा असेल तरच, नाहीतर ते खाली थांबतं आणि ऊन पडलं की परत वर येऊन तोच पांढरा थर. आणि आधी माती तपासून घ्या, कारण क्षारपड वेगळी आणि चोपण वेगळी. ईसी ४ च्या वर आणि सामू (पीएच) साडेआठच्या आत असेल तर ती क्षारपड, तिला धुणं हा इलाज. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेलं असेल तर ती चोपण, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड, तिला नुसतं पाणी देऊन काही होत नाही, जिप्सम लागतं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि मग ते धुता येतं.

घोळ लावू नका असं नाही म्हणत मी. ती माती झाकते, उघड्या मातीतून वाफ होऊन मीठ वर येणं त्यामुळे कमी होतं, आणि जिथे काहीच येत नाही तिथे निदान भाजी येते. पण "काढून टाकते" म्हणायचं असेल तर कापलेली घोळ त्या तुकड्याबाहेर न्यायला हवी. तिथेच कुजू दिली की उचललेलं सगळं परत जागच्या जागी.

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर आलंय की घोळीत माशापेक्षा जास्त ओमेगा-३ असतं. मी शाकाहारी आहे, मग माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद करू का?

फॉरवर्ड अर्धा खरा आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त फसायला होतं. ताज्या १०० ग्रॅम घोळीच्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम ओमेगा-३ मिळाल्याची नोंद आहे, पालेभाजीच्या मानाने हे खूपच झालं, पालक बराच मागे राहतो. पण हे ओमेगा-३ म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, जवसात असतं ते. माशात जी असतात ती ईपीए आणि डीएचए, ती लांब साखळीची, वेगळी. आपलं शरीर पहिल्यापासून दुसरी बनवतं पण फार थोडी, डीएचए तर अगदीच नगण्य. त्यामुळे "माशापेक्षा जास्त" ही तुलनाच चुकीची. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या बंद करायचं त्यांनाच विचारा, मला नको आणि ग्रुपला तर नकोच.

बाकी घोळीत घेण्यासारखं बरंच आहे. १०० ग्रॅममध्ये फक्त २० कॅलरी, पोटॅशियम ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम ७० च्या जवळ, क जीवनसत्त्व वीसेक मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्वही चांगलं. रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर कुठल्याही हिरव्या पाल्यासारखी हिचीही एकदम भर घालू नका, के जीवनसत्त्वाचा प्रश्न असतो.

प्रश्न: मुतखडा होऊन गेलाय. घोळ पूर्ण बंद का?

कुठल्या प्रकारचा खडा होता ते रिपोर्टमध्ये बघा. कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर हो, मी तरी तुम्हाला टाळाच म्हणेन. घोळीत ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमशी जुळून असे खडे करणारा पदार्थ, भरपूर असतं, पालकाच्याच पंगतीत बसते ती. ज्यांना त्रास नाही त्यांनी फक्त पद्धत पाळावी: भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं (त्याचं सूप करायचं नाही, ऑक्झलेट त्याच पाण्यात गेलेलं असतं) आणि सोबत दह्यासारखं कॅल्शियमचं काहीतरी खायचं. कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि ते रक्तात न जाता बाहेर पडतं. मुतखडेवाल्यांनी कॅल्शियम बंद करावं हा जो समज आहे ना, तो इथे उलटा पडतो. उकळल्यावर क जीवनसत्त्व जातं हे मान्य, पण दोन्ही हातात लाडू मिळत नाहीत. कच्ची खायची असेल तर चार पानं तोंडी लावायला, वाटीभर नाही.

किडनीच कमजोर असेल तर प्रश्न फक्त खड्याचा राहत नाही, पोटॅशियमचाही येतो, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पानही नको.

प्रश्न: मला खायची नाहीये, घालवायचीये. तीन वेळा उपटली, चौथ्यांदा दुप्पट आली.

उपटून कुठे टाकलीत? वाफ्यातच ना? मग तुम्ही ती उपटली नाही, लावली. देठाचा तुकडा ओल्या मातीला लागला की त्याला मुळं फुटतात, त्यामुळे खुरप्याने तुकडे करणं म्हणजे रोपवाटिकाच. आणि दुसरं, उपटलेलं रोप लगेच मरत नाही, देठातल्या पाण्यावर बरेच दिवस जगतं आणि तेवढ्यात बोंडातलं बी पिकवून मोकळं होतं. मी एकदा उपटलेला ढीग कुंड्यांच्या काठावर "वाळू दे" म्हणून ठेवला आणि विसरले, पुढच्या पावसानंतर प्रत्येक कुंडीत हिरवी रांग.

बोंडाला वर टोपी असते, पिकलं की ती गळते आणि आतलं काळं बारीक बी, मिलिमीटरपेक्षाही लहान, मातीत सांडतं. शास्त्रीय नाव पोर्टुलाका, त्याचा अर्थ लॅटिनमध्ये छोटं दार असा सांगतात, तो या टोपीवरूनच. चांगल्या पोसलेल्या एका रोपाला लाखाच्या पुढे बिया लागू शकतात, आणि पुरलेलं बी काही दशकं जिवंत राहतं. पण त्याला रुजायला उजेड आणि गरमी लागते, दोनेक सेंटिमीटर खाली गेलं की बहुतेक वर येत नाही. म्हणून सारखी माती उकरू नका, उकरली की खालचं बी वर येतं. फूल येण्याआधी मुळासकट काढा, बाहेर न्या, आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. एका सीझनमध्ये संपणार नाही हे धरूनच चला.

प्रश्न: शेळ्यांना चालते का?

इतर चाऱ्यात थोडी आली तर चालते. उपाशी शेळ्या किंवा मेंढ्या नुसत्या घोळीच्या रानात सोडायच्या नाहीत. एकदम खूप ऑक्झलेट गेलं की रक्तातलं कॅल्शियम खाली येतं, जनावर थरथरतं, झोकांड्या खातं, आडवं पडतं. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट पशुवैद्य. कुत्रा-मांजर असेल तर त्यांनाही घोळीपासून लांब ठेवा.

प्रश्न: घोळ मूळची कुठली?

यावर भांडणं आहेत आणि मला ती फार आवडतात. बरेच दिवस असं धरून चाललेलं की ही जुन्या जगातली (युरोप, आशिया, आफ्रिकेतली), आणि अमेरिकेत ती कोलंबसनंतर युरोपियनांबरोबर गेली. मग १९७५ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओमधल्या क्रॉफर्ड सरोवराच्या गाळाचा अभ्यास छापून आला. तिथला गाळ वर्षावर्षाच्या थरांनी बसतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे ते थर मोजता येतात, आणि त्यात घोळीचे परागकण आणि बिया सापडल्या त्या पंधराव्या शतकातल्या थरांत, कोलंबस १४९२ मध्ये पोचायच्या आधीच्या. म्हणजे ती तिथे आधीच होती, आणि मक्याची शेती करणाऱ्या मूळ रहिवाशांच्या वस्तीजवळ होती. माणसाने जमीन उकरली की ही हजर, असा तिचा स्वभाव सगळीकडे सारखाच दिसतो. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये तिचं नाव ठेवताना ओलेरासिया असं जोडलं, त्याचा अर्थच भाजीची.

प्रश्न: ऑफिस टाइमची फुलं, चिनी गुलाब म्हणतात ती, त्याच कुळातली ना? त्याची पानं खाल्ली तर?

त्याच कुळातली, पण जात वेगळी. नर्सरीतून आणलेल्या शोभेच्या रोपांवर काय काय फवारलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे ती फुलं बघायला ठेवा.

माव्याचे फोटो पाठवणाऱ्यांनी पुढच्या वेळी पानाची खालची बाजूही पाठवा, वरून काही दिसत नाही.